पाल : निवारा पाठीवर वाहणाऱ्यांचा इतिहास

१/
सह्याद्रीत भटकणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत आज घडी घातलेले एक कापड असते. उलगडले की तीन मीटर लांब आणि जवळपास तेवढेच रुंद. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. दोन काठ्या, काही मेखा आणि थोडी दोरी एवढ्यावर रात्रीचा निवारा उभा राहतो. दुकानात त्याला टार्प म्हणतात. मराठीत मात्र अशा निवाऱ्यासाठी जुनाच शब्द आहे : पाल. हा धागा त्या पालाच्या इतिहासाचा, वाशीम जिल्ह्याच्या वाटेने जाणारा.

२/
यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात पालाची नोंद आहे. दोन हलक्या काठ्या, तीव्र उताराच्या दोन बाजू आणि भिंती मुळीच नाहीत, असा हा छोटा तंबू. हिंदी आणि बंगालीत पाल म्हणजे जहाजाचे शीडही. दोन्हींचे मर्म एकच : वाऱ्याशी झुंजणारे ताणलेले कापड. शीड वारा अडवून पुढे सरकते, पाल वारा अंगावरून सोडून देते.

३/
राजांचे तंबू आजही पाहता येतात. जोधपूरच्या मेहरानगडावर लाल डेरा आहे. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू वेल्समधील पोविस किल्ल्यात जपलेला आहे. सामान्य माणसाचे पाल मात्र उरत नाही. ते विरेपर्यंत वापरले जाई, मग त्याची गोधडी होई, शेवटी पोतेरे. म्हणून पालाचा इतिहास वस्तूवरून कमी आणि लिखित नोंदी, शब्द व कामाची रीत यांवरून अधिक वाचावा लागतो.

४/
सुरुवात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून करता येते. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात आले. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदली आहेत, त्यांत बासिम, म्हणजे आजचे वाशीम, हे एक. त्याच ग्रंथात बादशाही छावणीचे तपशीलवार वर्णनही आहे. एकाच पुस्तकात वाशीमचा महसूल आणि बादशहाचे तंबू, दोन्ही. पहिल्यातून दुसऱ्याचा खर्च निघत होता, हे ओळींमधून वाचायचे.

५/
एका मुक्कामाचे सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असे आईन सांगते. सोबत १,००० फर्राश, म्हणजे तंबू उभारणारे सेवक. त्याशिवाय ५०० बेलदार, १०० भिस्ती, सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, चर्मकार आणि १५० झाडूवाले. बारगाह, शामियाना, सरापर्दा, खरगाह अशी तंबूंची नावेच एक प्रकरण व्यापतात. त्या यादीत ‘रावटी’ आहे. तीच मराठीतील राहुटी.

६/
या यादीत एक प्रश्न कुठेच येत नाही : वजन किती? येण्याचे कारणही नव्हते. ज्याच्यासाठी तंबू उभारला जाई, त्याने तो कधी उचललेला नसे. वजनाचा हिशेब हत्ती, उंट आणि हमाल यांच्या पाठीवर लिहिला जाई. निवारा हलका करण्याची विद्या अशा छावणीत जन्मणे अवघडच. ती जन्मते तिथे, जिथे निवारा वाहणारा आणि त्याखाली झोपणारा एकच असतो.

७/
शंभर वर्षांनी ही छावणी आणखी फुगली. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने कृष्णाकाठच्या गलगले येथे औरंगजेबाची छावणी पाहिली. तिचा घेर ३० मैलांचा आणि बाजार २५० असल्याचे त्याने नोंदवले. ते चालते शहर होते. पण शहर चालू लागले की फार हळू चालते. दख्खनच्या युद्धातील कितीतरी गोष्टी या एका वाक्यात सामावतात.

८/
याच्या उलट उदाहरण वाशीम जिल्ह्यातलेच. ऑक्टोबर १६७० मधील वणी-दिंडोरीच्या लढाईनंतर काही आठवड्यांतच शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडातील श्रीमंत पेठ कारंजा गाठली. सोने, चांदी आणि उंची कापड मिळून चार हजार बैल व गाढवे भरतील एवढी लूट निघाली, असे तत्कालीन नोंदी सांगतात. नाशिकच्या बाजूने कारंजापर्यंतचा पल्ला मोठा. हा वेग जड डेऱ्यांना सोबत घेऊन साधणारा नव्हता.

९/
पण पावसाचे काय? सभासदाची बखर याचे उत्तर देते. फौजेने आठ महिने मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्यात आपल्या मुलखातील छावणीत परतावे, असा शिरस्ता होता. छावणीत गवताने शाकारलेली घरे आणि दाणागोटा तयार असे. म्हणजे निवाऱ्याचीही विभागणी होती : कोरड्या आठ महिन्यांना कापड, ओल्या चार महिन्यांना गवत. कापडावर चार महिन्यांच्या झोडपणाऱ्या पावसाचा भार टाकायचाच नाही, हा हलकेपणाचा पहिला धडा.

१०/
गवताचे स्वतःचे संकट होते. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. चुली, चिलमी आणि रात्रीचे दिवे यांपासून गवताला जपा, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि आग लागेल, इतक्या बारकाव्याने त्यात ताकीद दिलेली आहे. निवारा म्हणजे केवळ छप्पर नव्हे. त्यात आग, वारा, पाणी आणि जनावरे यांचा एकत्र विचार करावा लागतो, हे त्या पत्रातून दिसते.

११/
लढणारी फौज आठ महिने फिरे. वाशीमच्या मुलखात एक समाज मात्र कुटुंबकबिल्यासह फिरत असे : बंजारा, अर्थात लमाण. धान्य, मीठ आणि इतर माल बैलांवर लादून तो देशभर पोहोचवी. १६३२ मध्ये इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेला १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. बायका, मुले, संसार सारे सोबत असल्याचे त्याने लिहिले आहे. फौजांची रसदही हेच तांडे पुरवीत, मग फौज कोणाचीही असो.

१२/
मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. मानोरा, मंगरुळपीर, शेजारचे दिग्रस, पुसद या पट्ट्यात आजही गावोगावी तांडे आहेत. ‘तांडा’ हा शब्द पूर्वी चालत्या काफिल्याचा होता; आज तो वस्तीचा झाला आहे. चालणे थांबले आणि शब्द तेवढा उरला.

१३/
तांड्याचे अर्थकारण पाहिले की पालाचे महत्त्व उमगते. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी हे मिळकतीचे साधन. ‘गनी’ हा इंग्रजी शब्दही याच ‘गोणी’वरून गेला. निवाऱ्याचे वजन जितके वाढे, तितके धान्य कमी लादता येई. हजारो बैलांच्या काफिल्यात प्रत्येक कुटुंबाचा तंबू शेरभराने जड झाला, तर तोटा मणांत मोजावा लागे. इथे वजन हा थेट पोटाचा प्रश्न होता.

१४/
त्यावरचा तोडगा साधा होता. मुक्कामावर गोण्या उतरवून एकावर एक रचल्या की भिंत तयार होई. वारा अडे, माल राखला जाई. वरून कापड ताणले की घर पूर्ण. जी वस्तू वाहायचीच आहे तिच्याकडून भिंतीचे काम करून घ्यायचे आणि केवळ भिंतीसाठी वेगळे काही वाहायचे नाही. आजचा भटका हातातल्या चालण्याच्या काठ्यांवर टार्प उभारतो, तेव्हा तो हेच सूत्र वापरत असतो.

१५/
आता कापडाकडे. पाल शिवणाऱ्यापुढची पहिली अडचण शिवणीची नव्हे, पन्ह्याची असे. जुन्या हातमागावर विणकर धोटा एका हाताने फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा माणसाच्या दोन हातांच्या पोहोचेपलीकडे जाणे कठीण. सोयीचा पन्हा त्याहूनही अरुंद. तीन मीटर रुंदीचे पाल हवे, तर तीन-चार पट्टे जोडणे भाग होते.

१६/
१७३३ मध्ये इंग्लंडात जॉन के याने झटक्याचा धोटा शोधला. दोरीला हिसडा दिला की धोटा आपोआप पलीकडे जाई, आणि एकटा विणकर रुंद कापड विणू लागला. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात ही घटना यंत्रयुगाची नांदी मानली जाते. तंबूच्या इतिहासात तिचा अर्थ अगदी घरगुती आहे : पन्हा वाढला म्हणजे जोड कमी झाले, आणि जोड कमी झाले म्हणजे गळण्याच्या जागा कमी झाल्या.

१७/
कारण तंबू कापडातून सहसा गळत नाही, शिवणीतून गळतो. सुती धाग्याचा एक गुण आहे : भिजला की तो फुगतो. घट्ट विणलेल्या जाड्याभरड्या कापडात फुगलेले धागे एकमेकांना भिडतात, छिद्रे बुजतात आणि पाणी उतारावरून ओघळून जाते. आतून बोट लावले की मात्र तिथून पाझर सुरू होतो. सुई जिथे जिथे टोचली, तिथे छिद्र मोठे असते. ते बुजवायला शिवणीचा दोराही सुतीच हवा, म्हणजे तोही फुगतो.

१८/
म्हणून जाणता शिंपी तंबूला साधा धावदोरा घालून थांबत नाही. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि त्या चारपदरी पट्टीवर दोन समांतर शिवणी घालायच्या. कापडाची कापलेली कड आत दडते, ताण दोन ओळींत विभागतो. दुमड कोणत्या दिशेने ठेवायची, हेही ठरलेले : वरच्या पट्ट्याची कड खालच्या पट्ट्यावर यावी. घरावर कौले बसवताना जो नियम, तोच इथे. उलटी बसली की दुमडीची पन्हळ होते आणि पाणी आत शिरते.

१९/
वऱ्हाडात कापसाची कमतरता नव्हती. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. तो आखूड धाग्याचा; त्यापासून तलम मलमल नव्हे, जाड सूत निघे. मलमलीच्या दृष्टीने हा दोष, तंबूच्या दृष्टीने गुण. मुंबईच्या डोंगरीवरून नाव पडलेले ‘डुंगरी’ कापडही असेच जाडेभरडे. शिडांना आणि तंबूंना ते चाले. त्याचे नाव पुढे कामगारांच्या विजारीला मिळाले.

२०/
पावसापासून अधिक बचाव हवा असेल तर मेणकापड. कापडावर मेण किंवा उकळलेले जवसाचे तेल चढवीत. जवस हे विदर्भातील जुने पीक. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सुकते आणि त्याचा लवचिक पापुद्रा बनतो. पण मेणकापड जड होते, घडीवर चिरते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगात राहिल्या तर स्वतःहून पेटूही शकतात. निवाऱ्याच्या प्रत्येक सुधारणेची काही ना काही किंमत असते.

२१/
दुसरी अडचण झोळाची. कापड ताण्या-बाण्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही. तिरपे, म्हणजे उरेब ओढले तर बरेच ताणते. पालाचे कोपरे नेमके तिरपेच ओढले जातात. त्यामुळे सरळ कडांचे चौकोनी कापड कितीही ताणले तरी मधोमध लोंबते. लोंबलेल्या जागी पाणी साचते, वारा फडफडवतो, आणि फडफडीने शिवण उसवते.

२२/
यावरचा उपाय गणितात दडलेला होता. दोन टोकांना धरलेली साखळी कोणता वक्र घेते? गॅलिलिओने तो अन्वस्ताजवळचा मानला होता. १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी खरे उत्तर शोधले. तंबूच्या कडेला किंवा आढ्याच्या रेषेला हाच वक्र देऊन कापड थोडे आत कापले, की लोंबणारा भागच उरत नाही. सर्व ताण कापडभर समान वाटला जातो. थोडे कापड कमी केल्याने निवारा अधिक बळकट होतो.

२३/
तिसरी जागा कोपऱ्यांची. तणाव्याचा सगळा भार तिथे येतो. म्हणून कोपऱ्याला दुसऱ्या कापडाचे ठिगळ, त्यावर नवारीची पट्टी आणि एकमेकांना छेदणारे टाके. बंजारा स्त्रियांचे भरतकाम आज शोभेसाठी विकत घेतले जाते. कवड्या, आरसे, रंगीत दोरे यांवरच नजर जाते. पण पिशव्या आणि झुली यांच्यावरचे दाट टाके कापडाला बळही देतात. घर, संसार आणि मिळकत सारेच कापडात बांधलेल्या समाजात सुई हे शोभेइतकेच टिकाऊपणाचे हत्यार होते.

२४/
मग हे चालते जग थांबले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून कापूस नेऊ लागली. पुढे ‘शकुंतला’ म्हणून ती लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. ज्या कारंज्यातून १६७० मध्ये बैलांवर लादून माल निघाला होता, तिथे आता बैलाच्या पाठीची गरज उरली नाही.

२५/
रोजगार गेला आणि संशय आला. वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयीचे एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाचे टिपण कंबरलेज याने लिहिले. १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. हा कंबरलेज वऱ्हाडच्या पोलिसखात्यात अधिकारी होता. शतकानुशतके देशाचे धान्य वाहणाऱ्या समाजाचा वृत्तांत लिहायला पोलीस अधिकारी बसतो, यातच काळाचा बदल दिसतो.

२६/
१८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. प्रथम उत्तरेकडील प्रांतांत, आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर अधिक व्यापक. जन्माच्या आधारावर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. हजेरी, नोंदणी, हालचालींवर बंधने. फिरणे हाच पुरावा मानला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, आणि त्या समाजांना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात आहे.

२७/
याच काळात युरोपात नेमकी उलट गोष्ट घडत होती. एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकात आल्प्ससाठी तंबू रचला. ममरी या गिर्यारोहकाच्या नावाचा रेशमी तंबू बर्फकुऱ्हाडींवर उभा राही. हा ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर नाहीसा झाला. आणि लंडनमधील थॉमस हायराम होल्डिंग सायकलवर मावेल असा तंबू बेतू लागला. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलस्वार भटक्यांची संघटना निघाली. १९०८ मध्ये त्याचे तंबूजीवनावरील पुस्तक आले.

२८/
होल्डिंगविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या. एक, तो व्यवसायाने शिंपी होता. दुसरी, लहानपणी, १८५३ मध्ये, अमेरिकेच्या गवताळ मैदानातून स्थलांतरितांच्या गाड्यांच्या काफिल्याबरोबर त्याने प्रवास केला होता. हलक्या तंबूचा हा आधुनिक जनक तांड्याचाच मुलगा म्हणावा असा. इंग्लंडात त्याचे भटकणे छंद आणि स्वातंत्र्य ठरले. हिंदुस्थानात तेच भटकणे हजेरीच्या वहीत नोंदवले जात होते.

२९/
पुढचा इतिहास धाग्याचा. १८४६ मध्ये एलियास हाऊ आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांच्या पेटंटनंतर शिवणयंत्र घराघरात जाऊ लागले. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्सने नायलॉन तयार केले. दुसऱ्या महायुद्धात त्यापासून हवाईछत्र्या झाल्या. काही मिलिमीटरांवर जाड धाग्यांची चौकट विणलेले ‘रिपस्टॉप’ कापड आले. फाटले तरी चीर पुढच्या जाड धाग्याशी अडते. त्यावर सिलिकॉन चढले आणि आजचे टार्पचे कापड तयार झाले.

३०/
फरक आकड्यांत पाहावा. जाड सुती कॅनव्हासचे वजन चौरस मीटरला सुमारे ३५० ग्रॅम; सिलिकॉन चढवलेल्या पातळ नायलॉनचे सुमारे ४५ ग्रॅम. साडेसात चौरस मीटरचे छत पहिल्यात दोन किलो सहाशे ग्रॅमचे, दुसऱ्यात साडेतीनशे ग्रॅमच्याही आतले. पण नायलॉनचा धागा सुतासारखा फुगून सुईचे छिद्र बुजवत नाही, आणि भिजल्यावर कापड सैलावते. जुन्या कापडाने जे आपोआप केले, ते नव्यात हाताने करावे लागते.

३१/
१९९० च्या दशकात अमेरिकन पदयात्री रे जार्डिन याने चार हजार किलोमीटरहून लांब अशा पॅसिफिक क्रेस्ट वाटेवरच्या अनुभवातून पुन्हा तोच मुद्दा मांडला : तंबूच्या भिंती सोडा, टार्प घ्या, आणि तो घरी शिवा. तो विमानविद्येचा अभियंता होता. अत्याधुनिक गणिताकडून निघालेला माणूस दोन काठ्या आणि उतरत्या दोन बाजू इथे येऊन थांबला. ‘हॉब्सन-जॉब्सन’मधील पालाचीच ही व्याख्या.

३२/
घरी पहिले पाल शिवू पाहणाऱ्यासाठी या इतिहासातून सरळ कृती निघते. दीड मीटर पन्ह्याचे सहा मीटर कापड घ्यावे आणि तीन-तीन मीटरचे दोन तुकडे करावेत. भिंतीवर तीन मीटर अंतराने दोन खिळे ठोकून साखळी अशी लोंबवावी, की मध्यभागी सात-आठ सेंटिमीटर झोळ येईल. तो वक्र कागदावर उतरवून दोन्ही तुकड्यांची आढ्याची कड त्याप्रमाणे आत कापावी. आधी जुन्या चादरीवर हे सारे करून पाहणे शहाणपणाचे.

३३/
दोन्ही वक्र कडा दुमडीच्या चपट्या शिवणीने जोडाव्यात, तेच आढे. दोरा पॉलिएस्टरचा, सुई बारीक, सेंटिमीटरला तीन-चार टाके. याहून दाट टाके कापडाला टपाल तिकिटासारखे छिद्रांकित करतात. टाचण्या फक्त दुमडीत लपतील अशा जागी. बाहेरच्या कडा दोनदा दुमडून शिवाव्यात. कोपरे आणि आढ्याची टोके यांना दुहेरी ठिगळ व नवारीचे फासे. शेवटी आढ्याच्या शिवणीवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले सिलिकॉन ब्रशने चढवावे आणि दिवसभर सुकू द्यावे.

३४/
यातील प्रत्येक पायरीमागे शतकांचा हिशेब आहे. आढ्यावर एकच जोड, कारण पन्हा आता पुरतो. वक्र, कारण चौकोन लोंबतो. ठिगळ, कारण भार कोपऱ्यात येतो. सिलिकॉन, कारण नवा दोरा फुगत नाही. आणि भिंती नाहीत, कारण त्या वाहायच्या कोणी, हा प्रश्न तांड्याने केव्हाच सोडवला होता. निवारा हलका होतो तो केवळ नव्या कापडाने नव्हे. काय सोडून द्यायचे, हे कळल्याने होतो.

३५/
महाराष्ट्राच्या शहरांबाहेर आजही पाले दिसतात. माळावर, पुलाखाली, साखर कारखान्याच्या वाटेवर. त्यांवर सुती कापड क्वचित. निवडणूक किंवा वाढदिवसाचे टाकून दिलेले फ्लेक्स अधिक. लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील ‘उपरा’ने अशा फिरत्या घरांतले जगणे मराठी वाचकापुढे ठेवले. तिथल्या माणसाला पाल हे स्वातंत्र्य वाटत नाही. त्याला पक्के घर, शिधापत्रिका आणि मुलांची शाळा हवी असते.

३६/
म्हणूनच या दोन कापडांकडे एकत्र पाहायला हवे. गडावर हौसेने ताणलेले आणि माळावर नाइलाजाने ताणलेले. रचना एक, विद्या एक; फरक एवढाच की पहिल्याला सकाळी परतायला घर आहे.

३७/
वाशीम १९०५ पर्यंत वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होते; मग ते अकोल्यात विलीन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बादशहांचे डेरे जिथे जपले गेले तिथे जपले गेले. ज्यांनी आपले घर शतकानुशतके बैलाच्या पाठीवर वाहिले, त्यांच्या आठवणीलाही अखेर पक्के छप्पर मिळाले.

३८/
पुढच्या पावसाळी भटकंतीत डोक्यावरचे कापड वाऱ्याने फुगेल आणि आढ्याची शिवण ताण घेईल. त्या शिवणीला कोणाचे नाव नाही. ती ज्यांनी घडवली, त्यांची ओळख तांड्याच्या वाटेवर, गोणीच्या दोऱ्यात आणि ‘पाल’ या दोन अक्षरांत उरली आहे.